गालिच्यापुरता वास

१

मास्क काढला आणि वहिनीच्या छातीत धस्स झालं. वास आला होता.

भर दुपार होती. खिडक्या बंद, दाराला आतून दोन्ही कड्या. लेक शाळेत गेलेली. तिच्या खोलीच्या उंबरठ्यावर वहिनी उभी होती आणि अंगावर सरसरून काटा येत होता. तिनं वाकून पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. पडद्याला हात लावायचं मात्र धाडस होईना. शेवटी केरसुणीच्या टोकानं तिनं तो बाजूला सारला. मागे भिंत होती. नुसती भिंत.

तरी वास होताच. पुदिन्याचा, गार आणि झोंबरा, आणि त्याच्या मागोमाग स्पिरिटचा. दाढी झाल्यावर गालांना चोपडायचं हिरवं लोशन मिळतं ना, त्याचा. तिचा नवरा ते लावायचा.

नवरा नदीत बुडून मेला होता. किंवा मेला नव्हता. धड कुणालाच सांगता येत नव्हतं. फेरीबोटीवर इंजिनाची कामं करायचा तो. एका वादळी संध्याकाळी धक्क्यावर गेला, तो परत आलाच नाही. पुढे बऱ्याच अंतरावर पुलाच्या खांबाला अडकलेलं त्याचं जाकीट तेवढं सापडलं. सासूबाई म्हणायच्या, "माझा मुलगा बुडणाऱ्यातला नव्हे. येईल एक दिवस." त्या हे आशेनं म्हणत. वहिनीच्याही मनात रोज हेच वाक्य यायचं, पण भीतीनं.

गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. धंदा तिचा कवळ्या बनवण्याचा. दाताच्या दवाखान्यांतून म्हाताऱ्यांच्या हिरड्यांचे साचे यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, त्यावर एकेक दात बसवायची, घासायची, चकचकीत करायची. तळमजल्यावर पुढच्या खोलीत तिचं कामाचं टेबल होतं. वरच्या मजल्यावर सासूबाई आणि धाकटा दीर. प्लास्टरची पिठासारखी धूळ घरभर पसरे, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर तिच्या घरात पोळपाट-लाटण्याइतकाच लागायचा. ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून मशीन चालवताना ती जाडजूड मास्क लावी.

वास यायला लागल्यापासून तर मशीनला उसंतच नव्हती. घाबरली की वहिनी साफसफाई काढायची. गालिचे झाडायची, पलंग हलवायची, कोपरे ओढून काढायची. जणू तो वास धुळीसारखा पिशवीत भरून टाकून देता येईल. आणि सगळं लखलखीत करून, मशीन कपाटात ठेवून, हात धुऊन ती मास्क काढायची, तर तो तिथेच. आधीपेक्षा जवळ.

तिनं फोन उचलला.

"आत्या," ती कुजबुजली, "तो घरात येतो गं."

पलीकडून काही उत्तर यायच्या आत बाहेरून कुणीतरी दाराची मूठ फिरवली.

२

"वहिनी! दार का लावून घेतलंय भर दुपारी?"

दीर होता. दाराला टेकून वहिनीनं श्वास सोडला आणि कडी काढली. दीर टॅक्सी चालवायचा. आठवड्याच्या आठवड्याला तो वहिनीचं मशीन नेऊन गाडी झाडायचा, तेच मागायला आला होता. आत पाऊल टाकताच त्यानं नाक वर केलं.

"पुदिना वाटताय का? चटणी असेल तर आम्हालाही पाठवा थोडी."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. हा खरंच इतका निरागस आहे, की सोंग करतोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या येऊन दाखल झाली. वहिनीच्या वडिलांची ही थोरली बहीण. उभा जन्म तिनं विमा कंपनीसाठी जळालेली घरं तपासण्यात घालवला होता. आग आपोआप लागली की कुणी लावली, हे ती राखेवरून सांगायची. त्या धुरानं तिचं नाक कायमचं गेलं होतं. दूध उतू गेलं तर आवाज झाला तरच तिला कळायचं.

"वासाचा तपास करायला बिननाकाचं माणूस बोलावलंस," बॅग खाली ठेवत ती म्हणाली. "बरंच झालं. सगळ्यांना त्या वासानं भेदरवून टाकलंय, मला तो भेदरवू शकत नाही. आता सांग."

वहिनीनं सांगितलं. वास कधी येतो, कसा येतो. कुलपं बदलून घेतली तरी येतो. नव्या किल्ल्या तिच्याकडे आणि सासूबाईंकडे, बस. खिडक्यांना गज आहेत. आपणच वेडे होतोय असं आधी वाटलं, पण लेकीलाही येतो. ती शाळेतून आल्यावर म्हणते, "आई, माझ्या खोलीत गोळीचा वास येतोय."

"कुठल्या कुठल्या खोलीत?"

"लेकीच्या. माझ्या. पुढच्या खोलीत. जिन्याच्या पायऱ्यांवर, वरच्या वळणापर्यंत."

"स्वयंपाकघरात?"

वहिनी आठवू लागली. "नाही."

"न्हाणीघरात? मागच्या अडगळीच्या खोलीत?"

"नाही. तिथे कधीच नाही."

"तुझा नवरा घरात आला की आधी कुठे जायचा?"

"स्वयंपाकघरात. भांड्यांची झाकणं उघडून बघायचा."

आत्या घरभर फिरली. प्रत्येक खोलीत पायातली चप्पल काढून पाऊल टेकवायची आणि पुढे जायची. फिरून आल्यावर खुर्चीत बसली आणि पाय चोळत म्हणाली, "मेलेला असो नाहीतर जिता असो, पाहुणा मोठा नाजूक आहे. थंड फरशीवर पाय ठेवत नाही. गालिच्यावरूनच चालतो."

वहिनीला हसू आलं नाही. खरंच होतं ते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, अडगळीची खोली, सगळीकडे फरशी. वास फक्त गालिच्यांवर होता; जिन्यातही वळणापर्यंत गालिचाच होता.

"आणि एक सांग," आत्या म्हणाली. "नवऱ्याचा मृत्यू जाहीर करून घ्यायचा अर्ज करणार आहेस म्हणालीस. का आत्ताच?"

वहिनीनं मान खाली घातली. "मला पुन्हा लग्न करायचंय."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. त्याच आठवड्यापासून वास सुरू झाला, आत्या."

३

सासूबाई वरच्या खोलीत शेंगा निवडत बसल्या होत्या. आत्यानं त्यांच्यासमोर बैठक मारली आणि विचारता विचारता स्वतःही शेंगा सोलू लागली. वहिनी दारात उभी राहिली.

"सूनबाई म्हणतात तो घरात येतो," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम उजळला. "मला का नाही भेटत मग? मी आई ना त्याची?"

"तुम्हाला वास आला?"

"जिन्यात कसलासा येतो. औषधासारखा. तो काही त्याचा नव्हे."

"त्याचा कसा होता?"

सासूबाईंचे हात थांबले. "डिझेलचा," त्या म्हणाल्या. "डिझेल आणि तंबाखू. किती साबण घासला तरी जायचा नाही. उशीला यायचा. अजून त्याची एक उशी मी धुतलेली नाही."

वहिनीला त्यांच्याकडे बघवेना. सासूबाईंना काही काही माहीत नव्हतं. तिच्या हाताचं हाड मोडलं तेव्हा ती जिन्यावरून पडली होती. ओठ फाटला तेव्हा कपाटाचं दार लागलं होतं. त्या म्हातारीला तिनं दरवेळी हेच सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी दरवेळी हळद लावून दिली होती.

आत्या आणि वहिनी खाली अंगणात आल्या तेव्हा दीर गाडी पुसत होता. गाल सुजलेला, आदल्याच दिवशी दाढ काढलेली, तोंडात कापूस. बोलताना शब्द फुगून बाहेर येत होते.

"मी? मी कशाला घाबरवू वहिनींना?"

"तुझं लग्न ठरतंय. वरच्या एका खोलीत आई, तू आणि बायको. खालचा मजला रिकामा झाला तर तुला नको आहे का?"

दीर चिडला. "हवाय! हवाय ना. त्यांचं दुसरं लग्न झालं तर त्या जातीलच की आपल्या पायांनी. मी फक्त वाट बघायची. भुतं कशाला नाचवू?"

"भावाच्या अंगाला वास कसला यायचा रे?"

"दादाच्या? डिझेलचा. बोटीवरची सगळीच माणसं अशी वास मारतात." मग तो जरा थांबला आणि कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "वहिनी ज्या वासाबद्दल म्हणतात ना, तो पुदिन्याचा, माझ्या गाडीतही येतो मधूनमधून. मला वाटलं एखाद्या गिऱ्हाइकानं काही लावलं असेल."

वहिनीनं वाकून गाडीच्या आत पाहिलं. गाडीतही. म्हणजे तो गाडीतून हिंडतोय. मागच्या सीटवर बसून येतोय, घरापर्यंत.

आत्याचा चेहरा मात्र एकदम टवटवीत झाला होता. मोठ्या आगीनंतर राखेत एखादी न जळलेली वस्तू दिसावी तसा.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "तुझ्या घरातून या गाडीत काय जातं येतं, ते बघायला हवं."

४

पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी, दाताचे डॉक्टर आले.

वहिनीला येणाऱ्या कामांपैकी निम्मं काम त्यांच्याच दवाखान्यातलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, बोलणं मऊ, हात कायम धुतलेले. त्यांच्याशीच वहिनीचं लग्न ठरत होतं. आधी कवळ्या न्यायला त्यांचा कंपाउंडर यायचा. हल्ली ते स्वतः येत, आणि येताना लेकीसाठी रंगीत खडू आणत.

आत्याला त्यांनी वाकून नमस्कार केला. आत्यानं चहा केला आणि गप्पा सुरू केल्या. घर, धूळ, मशीन.

"अहो, ते मशीन तर काय वास मारायचं!" डॉक्टर हसले. "लेकीनं गालिच्यावर दूध सांडलं आणि बाईंनी ते तसंच ओढून घेतलं. आतल्या धुळीचं झालं दही. वर फिल्टर धुऊन ओलाच बसवलेला. आमच्या दवाखान्यात लाळ ओढणारं यंत्र असतं, त्याचंही हेच होतं. मीच सांगितलं, ओलं काही ओढायचं नाही, फिल्टर खडखडीत वाळल्याशिवाय लावायचा नाही, ब्रशात अडकलेले केस काढायचे, आणि नव्या पिशवीत चमचाभर सोडा."

"आणि गेला वास?"

"गेला की. आता पिशवी मीच बदलून देतो. प्लास्टरची धूळ यांच्या छातीला बरी नाही."

वहिनीला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे भरून आले. या घरात कुणीतरी आपल्या छातीची काळजी करत होतं.

"त्या दुसऱ्या वासाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "मला वाटतं, बाईंनी या घरात आता एक दिवसही राहू नये. तो जिवंत असेल तर धोका आहे. नसेल, तर कुणीतरी मुद्दाम करतंय, आणि ते कुणी वरच्याच मजल्यावरचं असणार." त्यांनी आवाज उतरवला. "माझ्या घरी जागा आहे. अर्ज, लग्न, सगळं मागून होईल. मी संध्याकाळी गाडी घेऊन येतो. लेकीचे कपडे भरा, बाकी काही लागत नाही. तुमचं हे कामाचं टेबलसुद्धा नको. मी आहे ना."

ते गेल्यावर वहिनीनं बॅग काढली.

"जाणार आहेस?" आत्यानं विचारलं.

"मला भीती वाटते, आत्या. झोप नाही, अन्न जात नाही. लेकीच्या खोलीत तो उभा राहतो असं वाटतं."

"जा. पण आधी ते मशीन बाहेर काढ. आणि आज मास्क लावू नकोस."

५

वहिनीनं मशीन पुढच्या खोलीत ओढत आणलं. पिन लावली. बटण दाबलं.

घरघर सुरू झाली, आणि मशीनच्या मागच्या जाळीतून गरम वारा तिच्या पायांवर आला. त्या वाऱ्याबरोबर पुदिना आला. असा आला की जणू नवरा तिच्या मानेशी वाकून उभा आहे. ती किंचाळली आणि मागे सरकली. आत्यानं पायानं बटण बंद केलं.

"आला?"

वहिनीनं होकारार्थी मान हलवली.

"तू मास्क लावून घरभर हे फिरवतेस. हे पुढून धूळ ओढतं आणि मागून वारा सोडतं. मशीन कपाटात जातं, तू मास्क काढतेस, आणि वास मात्र गालिच्यांत बसून राहिलेला. फरशी तू केरसुणीनं झाडतेस, म्हणून तिथे तो येत नाही. दीर मशीन गाडीत नेतो, म्हणून गाडीत येतो. तुझा पाहुणा दारातून आलाच नाही, पोरी. तूच त्याला खोल्याखोल्यांत सोडत होतीस. आणि घाबरून जितकी जास्त झाडायचीस, तितका तो जास्त यायचा."

तिनं मागची जाळी काढली. वारा बाहेर पडतो तिथल्या स्पंजाच्या मागे बोटं घातली आणि एक छोटीशी वस्तू ओढून काढली. करंगळीएवढी, घट्ट वळलेली कापसाची गुंडाळी. हिरवट पडलेली, अजून ओलसर.

वहिनीनं ती ओळखली. दात काढल्यावर गालाच्या आत ठेवतात ती. तिच्या कामात ती लागत नव्हती. पण कालच एकाच्या तोंडात तिनं ती पाहिली होती.

"दीर," ती म्हणाली. भीती कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी संताप आला. "मशीन तो नेतो. खालचा मजला त्याला हवाय. आणि निरागसपणे मला विचारतो, पुदिना वाटताय का!" ती बॅगेत कपडे कोंबू लागली. "डॉक्टर म्हणाले तेच खरं. मी आत्ता जाते."

"थांब जरा."

"काय थांबू? आणखी काय पुरावा हवा?"

आत्यानं तिच्या हातातला लेकीचा फ्रॉक काढून घेतला. "मला एकच सांग. नवऱ्याची आई म्हणते डिझेल. भाऊ म्हणतो डिझेल. तुझ्या नवऱ्याचं सोंग आणायचं, तर ओळखणारा माणूस कापूस डिझेलमध्ये बुडवेल ना? मग पुदिना कुठून आला? त्या वासात तुला तुझा नवरा दिसतो, आणि जगात दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. असं का?"

वहिनी कोंबलेले कपडे एकेक करून बॅगेतून बाहेर काढू लागली.

६

संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन आले तेव्हा पुढच्या खोलीत सगळे बसले होते. लेक शेजारी खेळायला गेली होती. कामाच्या टेबलावर, अर्धवट कवळ्यांच्या शेजारी, बशीत ती कापसाची गुंडाळी ठेवलेली होती.

डॉक्टरांनी ती पाहिली आणि ते दिराकडे वळले. "मला वाटलंच होतं. परवा याची दाढ काढली, तेव्हा मूठभर गुंडाळ्या मीच दिल्या होत्या याला."

"दिल्या होत्या," दीर उसळून म्हणाला, "म्हणून काय मी..."

"गप्प बस," आत्या म्हणाली. "डॉक्टर, दाढ काल-परवा काढली. वास त्याच्या कितीतरी आधीपासून येतोय. पण ते सोडा. कापूस कुठूनही मिळतो. मी कापसाकडे बघतच नाहीये, वासाकडे बघतेय. पोरी, सांग आता."

वहिनीनं सासूबाईंकडे पाहिलं. म्हातारी काही न कळून एकेकाचा चेहरा बघत होती. हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही, असं वहिनीनं आयुष्यभरासाठी ठरवलेलं होतं. पण ती बोलू लागली, भिंतीकडे बघत.

"ते रोज लोशन लावायचे नाहीत. रोज दाढीही करायचे नाहीत. मला मारलं की करायचे. मारून झालं की आंघोळ करायची, दाढी करायची, ते लोशन लावायचं आणि माझ्याशेजारी येऊन बसायचं. मऊ बोलायचं. 'तुझ्या भल्यासाठी सांगतो' म्हणायचं. मोडलेला हात धरून. त्या वासानं मला... अजून उलटी येते." तिनं श्वास घेतला. "ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. आईंना नाही, आत्याला नाही. एकाच माणसाला सांगितली. दवाखाना बंद झाल्यावर तुम्ही चहा मागवला होता, डॉक्टर. मी रडले होते. तुम्ही विचारलंत, कुठलं लोशन?"

डॉक्टरांनी नाकारलं असतं तर वहिनीला कदाचित बरं वाटलं असतं. पण ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"तुम्ही स्वतःहून इथून कधी निघाला असता?" ते मऊ आवाजात म्हणाले. "अर्ज, कोर्ट, सासूबाईंना काय वाटेल, दिराला काय वाटेल. वर्षं गेली असती. मी फक्त तुम्हाला दार दाखवत होतो. हे सगळं तुमच्याच भल्यासाठी केलं मी."

आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

वहिनीच्या हाताला दरदरून घाम फुटला. इतके दिवस ती ज्याला घाबरत होती तो कपाटात नव्हता, पडद्याआड नव्हता. तो समोर बसून बोलत होता, त्याच सुरात. तिची लेकही यानं नेली असती. कामाचं टेबल नको म्हणाला होता हा. टेबल नाही, काम नाही, माणसं नाहीत. नुसतं याचं घर.

"हात सोडा," ती म्हणाली. त्यांनी सोडला नाही. ती पुन्हा म्हणाली, "हात सोडा माझा!"

दीर उठून उभा राहिला. डॉक्टरांनी हात सोडला. ते सावकाश उठले, कोट झटकला, दारात वळून काही बोलणार होते, पण आत्यानं आधीच दार उघडून धरलं होतं.

"पुन्हा या घराची पायरी चढलात," ती म्हणाली, "तर ही बशी घेऊन मी पोलिसांत जाईन, आणि तुमच्या दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या एकेका रोग्यालाही दाखवीन."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या वळणावर विरून गेला.

७

दिरानं मशीन अंगणात नेलं. स्पंज काढून धुवायला घातला, पिशवी फेकली, नळी पाण्याखाली धरली. तो एकदाही वहिनीच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. ती त्याच्यापाशी जाऊन म्हणाली, "मी तुमच्यावर उगाच आळ घेतला." तो ब्रशातले केस कात्रीनं कापत राहिला. मग कातर आवाजात म्हणाला, "दादानं... हात मोडला होता तुमचा?"

"हो."

त्यानं कात्री खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

सासूबाई मात्र वर निघून गेल्या होत्या. वहिनी जिन्याच्या तळाशी बसून राहिली. आता या माझं तोंड पाहणार नाहीत, तिला वाटलं. त्यांचा मुलगा नदीनं नेला, त्याची उरलेली आठवण मी आज नेली. वरून काहीतरी ओढल्याचा, सरपटल्याचा आवाज येत होता.

"तो जिवंत असेल का गं?" तिनं आत्याला विचारलं.

"मला नाही माहीत," आत्या म्हणाली. "तुला खोटा धीर देणार नाही. या वासाशी त्याचा संबंध नव्हता, एवढंच मी शोधलं. अर्ज मात्र उद्याच करायचा. कुणाशी लग्न करायचं म्हणून नव्हे. तुझ्या स्वतःसाठी."

आवाज जिन्यापर्यंत आला. सासूबाई उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरत होत्या आणि त्यांच्यामागून त्यांची गादी धपाधप खाली येत होती. वहिनी धावली.

"आई, अहो पडाल! काय हे?"

"धर जरा." त्यांना धाप लागली होती. गादी तळाशी आली तशी त्यांनी ती पुढच्या दाराकडे ओढायला सुरुवात केली. "आजपासून मी इथे झोपणार. दारात."

"तिथे वारा लागेल तुम्हाला."

"लागू दे." त्या सरळ उभ्या राहिल्या. चेहरा एका दिवसात आणखी म्हातारा झाला होता, पण आवाज कापत नव्हता. "तो मेला असेल तर प्रश्नच मिटला. जिवंत असेल आणि आला, तर आधी माझ्याशी गाठ आहे. मला विचारायचंय त्याला. तोवर तू आणि पोर आत निवांत झोपा."

वहिनीनं गादीचं दुसरं टोक उचललं, आणि दोघींनी मिळून ती दाराला आडवी अंथरली.